मालगुजाराच्या पेटीतली .३१०: काडतूस भरण्याआधीच थांबलेलं एक प्रकरण

भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीकडचं गाव. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण वाड्याला लोक अजून मालगुजाराचा वाडाच म्हणतात. तिथं .३१० मापाची, एका वेळी एकच काडतूस घेणारी जुनी सिंगल-शॉट रायफल आहे, सध्याच्या कर्त्या माणसाच्या, म्हणजे काकाजींच्या लायसन्सवर रीतसर चढलेली. त्याआधी ती त्यांच्या वडिलांकडे, बाबूजींकडे होती. पुतण्या नागपुरात शिकतो आणि नेमबाजी करतो: दहा मीटर एअर रायफल आणि पन्नास मीटर .२२. दिवाळीच्या रंगरंगोटीत माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली आली. तीत बाबूजींचं काडतुसं भरायचं सगळं सामान निघालं आणि पोराच्या डोक्यात घुसलं की याच सामानानं पुन्हा काडतुसं भरायची आणि रायफल रेंजवर न्यायची.

मी स्पर्धांमध्ये शस्त्र आणि साहित्य तपासणीच्या टेबलावर बसतो, जुन्या रायफलींचा थोडा नादही आहे. काकाजींनी फोन केला तो त्यामुळे. "पाहून घ्या जी एकदा. पोरगं ऐकून नाही राहिलं. म्हणते, आजोबा भरत होते तं मी काऊन नाही भरू?"

प्रश्न रास्त होता. बाबूजींनी वर्षानुवर्षं भरलं, हाताला काही झालं नाही, रायफलही शाबूत आहे. मग आज काय अडतं? पेटीतली एकेक वस्तू बाहेर काढून तपासली, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मिळत गेलं. तपासणी ज्या क्रमानं झाली त्याच क्रमानं लिहितो. पुतण्याचा क्रम उलटा होता. तो बारुदापासून सुरू करणार होता.

पेटीतला ऐवज असा: कायनॉकची .३१० काडतुसं, दोन खोके, एक अर्धा रिकामा. सुती पिशवीत रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं. लोखंडी चिमट्यासारखं, हातात धरून दाबायचं भरणीचं हत्यार. गोळ्या ओतायचा साचा आणि डबीत ओतलेल्या काही गोळ्या. टोप्यांची डबी; टोपी म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसणारी, ठोका बसला की बारूद पेटवणारी कळ. लेबल गळून गेलेला बारुदाचा पत्र्याचा डबा. पुंगळी आडवी कापून तिला पितळी तारेची दांडी डाखलेलं एक माप. आणि वही.

पहिल्यांदा काडतुसं पाहिली. खोक्यावर कायनॉकच्या मालक कंपनीचं, आयसीआयचं नाव होतं. ती कंपनीच १९२६ मध्ये जन्मली, म्हणजे माल त्यानंतरचा. वरवर काडतुसं देखणी होती. भिंग लावल्यावर अर्ध्याहून अधिक पुंगळ्यांच्या गळ्याशी निळसर-हिरवी पुटं दिसली, आणि पुटाखाली केसाएवढ्या उभ्या चिरा. एकीची चीर तर गळ्यापासून पार बुडाकडे उतरली होती. ही काडतुसं कधी झाडलेलीच नव्हती. न झाडलेल्या पुंगळीला चीर कशी पडेल, असं पुतण्यानं विचारलं. मी पेटी कुठं ठेवलेली होती ते विचारलं. काकाजींनी बोटानंच दाखवलं. माळ्याच्या त्या भागाखाली कोठा. पूर्वी बैलजोड्या आणि म्हशी, आता दोन गाई.

हा रोग मूळचा हिंदुस्थानातच ओळखला गेला. इंग्रजांच्या छावण्यांमध्ये पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप चिरायच्या, आणि ऋतूशी नातं दिसलं म्हणून त्याला इंग्रजीत ऋतूवरूनच नाव पडलं. कारण १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं. काडतुसाचं पितळ साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त यांचं असतं. थंड अवस्थेत ठोकून, ओढून त्याची पुंगळी होते, तेव्हा धातूत ताण अडकून राहतो. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून उडणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा एकत्र आली की अमोनिया धातूच्या कणांच्या सांध्यांमधलं तांबं विरघळवत जातो, आणि अडकलेला ताण तिथून पितळ फाडतो. उपाय कारखान्यात होतो: पुंगळी बेताच्या उष्णतेत तापवून ताण काढायचा. एकदा चीर पडली की मात्र तापवून काही जुळत नाही. घोड्याच्या जागी म्हैस आणि छावणीच्या जागी आपला कोठा ठेवा, बाकी सगळं तेच.

गळ्याशी चीर असेल तर फार बिघडत नाही, नेम जातो आणि धूर मागे येतो. चीर बुडाशी असेल तर उकळता वायू ब्रीचमधून, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडातून, थेट डोळ्यांकडे येतो. ही रायफल ज्या जुन्या मार्टिनी धाटणीची आहे, तिच्यात वायू बाजूला वळवायची आजच्यासारखी सोय नसते. वरून दिसणाऱ्या पुटाखाली कोणती चीर आहे, हे प्रत्येक पुंगळीमागे सांगता येत नाही. म्हणून खोके दोन्ही बाद. "एवढा महाग माल," काकाजी म्हणाले. खरंच महाग होता, त्या काळी.

रिकाम्या पुंगळ्यांची गोष्ट त्याहून कपटी. त्यांना चिरा नव्हत्या, चकचकीत होत्या. पण जुन्या टोप्यांमध्ये बरेचदा पाऱ्याचा फल्मिनेट हा स्फोटक असायचा. टोपी उडाली की पारा पितळात शिरतो, जस्ताशी मिसळतो आणि पितळ ठिसूळ होतं. हे डोळ्यांना दिसत नाही, भिंगालाही नाही. कुठल्या टोप्या वापरल्या होत्या हे माहीत नसेल तर त्या पुंगळ्या शोपीस. त्याच टोप्यांमधलं पोटॅशियम क्लोरेट जळून जे मीठ उरतं ते हवेतला ओलावा ओढतं आणि नळी गंजवतं. बाबूजींनी ही गोष्ट ओळखली होती, वहीत एका पानावर लिहून ठेवलं होतं: 'नळी गरम पाण्याने धुणे, मग तेल.' तेलानं मीठ जात नाही, पाण्यानं जातं. माणूस बारकाईचा होता.

मग रायफल. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरची, मार्टिनी धाटणीची, लहान बांध्याची. खालचा लिव्हर ओढला की ठोकळ्याचं तोंड खाली झुकतं, काडतूस आत सरकवायचं, लिव्हर वर. बोअर युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये लहान रायफल क्लबांची लाट आली, तेव्हा क्लबातल्या निशाणबाजीसाठी ग्रीनरनं हे .३१० काडतूस आणि ही रायफल काढली. पुढे ऑस्ट्रेलियात शाळकरी कॅडेटांसाठी बीएसए या बर्मिंगहॅमच्या कारखान्यानं याच काडतुसाच्या मार्टिनी केल्या, म्हणून तिकडे लोक याला कॅडेट म्हणून ओळखतात. इकडे मालगुजाराकडे ती कशी आली, ते वाड्यात कुणाला ठाऊक नाही.

जुनी म्हणजे कमकुवत, असा सरसकट समज आहे, तो मला मान्य नाही. मार्टिनीचा ठोकळा चांगला दणकट असतो. ठोकळा घट्ट बसत होता, त्याच्या तोंडावर वायूनं खाल्लेल्या खुणा नव्हत्या, टोपीवर ठोका देणाऱ्या पिनचं टोक गोल होतं आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची, म्हणजे नळ्यांची दाबाची परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, मुकुटाखालच्या एनपी अक्षरांची, म्हणजे धूरहीन बारुदाच्या परीक्षेची खूण नळीवर होती. ती खूण रायफल परीक्षेला गेली त्या दिवसाची आहे, हे पुतण्याला सांगावं लागलं. नंतरच्या शंभर वर्षांचा गंज तिच्यात धरलेला नाही.

खरा प्रश्न मापाचा होता. पुतण्याचं म्हणणं असं: रायफल .३१०, म्हणजे गोळी .३१० इंचाची. इंटरनेटवर वाचून त्यानं ठरवलं होतं की .३२-२० विंचेस्टरची, .३१२ इंचाची गोळी जवळपास बसेल. दुसरा पर्याय त्याला एका नातेवाइकानं सुचवला होता, आणि तो ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला: ".३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस आहे माझ्याकडे, घालून पाहू." .३२ चं ते लांब काडतूस या रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, आत जातंही. पण त्याची पुंगळी साधारण .३३७ इंच जाडीची आणि .३१० ची बुडाशी .३५३ च्या आसपास, म्हणजे चेंबरात सुमारे ०.४ मि.मी. सैल. दाब आला की पितळ फुगून फाटणार. शिवाय एकाच्या लायसन्सवरचं काडतूस दुसऱ्याच्या हत्यारात घालणं कायद्यानंही बसत नाही. तो विषय तिथंच संपवला.

नळीचं माप काढायची जुनी, साधी रीत आहे. आठवडी बाजारातून गळाला लावायचं मऊ शिसं आणलं. रायफल रिकामी असल्याची दोघांनी वेगवेगळी खात्री केली. नळीला तेलाचा हात दिला, शिशाचा तुकडा तोंडाशी बसवून लाकडी दांडीनं हळूहळू ब्रीचकडे ढकलला. दांडी सगळीकडे सारख्या जोरानं सरकली. मध्ये अचानक सैल झाली असती तर नळी तिथं फुगलेली, हे ओळखता आलं असतं. बाहेर आलेल्या तुकड्यावर नळीतल्या पिळाच्या खाचांचे उंचवटे उमटले होते. खाचांची संख्या सम असली तरच समोरासमोरचं अंतर मायक्रोमीटरनं थेट मिळतं. इथे सम होती. डिजिटल कॅलिपरवर भिस्त ठेवू नका, एवढ्या फरकाला तो पुरत नाही. साकोलीच्या एका लेथवाल्याकडे चांगला मायक्रोमीटर होता.

आकडा आला .३२० इंच.

म्हणजे नळीवर कोरलेला आकडा खाचांच्या तळापासून मोजलेला नव्हता. .३१२ ची गोळी या नळीत ०.२ मि.मी. सैल जाते, तिच्या कडेनं वायू पुढे निसटतो, शिसं वितळून खाचांमध्ये चिकटतं आणि गोळी कागदावर आडवी उमटते. या काडतुसाची मूळ गोळी टाचेची असते. तिचं अंग पुंगळीच्या बाहेरच्या जाडीइतकं, आणि बारीक टाच पुंगळीत बसलेली. .२२ चं काडतूस हातात घेतलं की हे लगेच समजतं, तीही टाचेचीच गोळी. पुतण्या रोज ज्या गोळ्या झाडतो त्यांची रचना त्यानं कधी पाहिली नव्हती.

आता डबीतल्या, बाबूजींनी ओतलेल्या गोळ्या मोजल्या. अंग .३२१, खाली टाच. नळीपेक्षा एक हजारांश इंच मोठी, शिशाच्या गोळीला हवी तशी. आजोबांना रायफल माहीत होती, नातवाला तिच्यावरचा आकडा.

राहिली वही आणि ते माप. माझ्या मते प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे.

वहीत बारुदाच्या वजनाची नोंद होती: '३ गु', की '३ ग्रे'? शाई उडालेली, अक्षर घाईचं, वर टिंब आहे की डाग ते कळेना. पुतण्यानं ग्रेन, म्हणजे इंग्रजी वजनाचं लहान एकक, धरलं होतं, कारण काडतुसांच्या जगात सगळं ग्रेनमध्येच. काकाजी म्हणाले, "बाबूजी सोनाराच्या काट्यावर तोलत होते. गुंजा ठेवून." आतल्या खोलीतून तो काटा आणि लाल-काळ्या गुंजांची पुरचुंडी आली.

हिशेब करू. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरला होता. तेव्हा एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त, नेमकी १.८७५. ग्रॅम म्हटलं तर एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा. वहीची पानं त्याच्या अलीकडची-पलीकडची दोन्ही. म्हणजे तिसरी शक्यताही उभी: '३ ग्रॅ'.

तीन ग्रॅम म्हणजे ४६ ग्रेन. या छोट्या पुंगळीत ते मावणारच नाहीत, ओसंडतील, आणि चूक समोर दिसेल. मोठी चूक स्वतःच स्वतःला पकडते. गुंज आणि ग्रेन यांच्या अदलाबदलीत मात्र फरक पावणेदोन पटीचा, आणि दोन्ही भरण्या पुंगळीत गुपचूप बसतात. वरून गोळी बसवली की आत काय आहे ते कुणाला सांगता येत नाही. धूरहीन बारुदाचा दाब भरणीच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, पुढेपुढे तो झपाट्यानं चढतो. पावणेदोन पट भरणीला पावणेदोन पट दाब, असा हिशेब तिथं चालत नाही.

आणि हे झालं वजनाचं. रोजच्या भरणीला बाबूजी ते तारेचं माप वापरत असणार. माप आकारमान मोजतं, वजन नाही. ज्या बारुदासाठी ते कापलं त्या बारुदापुरतंच ते खरं. काळा बारूद मापानं भरत, पुंगळीत पोकळी न ठेवता. त्याच मापात धूरहीन बारूद घातला तर रायफलीचे तुकडे होतात. जुन्या रायफली बऱ्याचशा अशाच फुटल्या. डब्यातला बारूद कोणता? लेबल नाही. रंगावरून, दाण्यावरून बारूद ओळखता येतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहावं. झाकण उघडल्यावर ॲसिडसारखा आंबट वास आला आणि कडेला विटकरी भुकटी दिसली. हा बारूद सडायला लागला होता. असा बारूद स्वतः तापतो. पत्र्याखालच्या माळ्यावर, विदर्भाच्या मे महिन्यात, कोरड्या तणसाच्या शेजारी तो इतकी वर्षं शांत राहिला, यात वाड्याचं नशीब.

वही इतिहास म्हणून ठेवावी, भरणीचा आधार म्हणून नाही, हे पुतण्याला तेव्हा पटलं. त्याचा पुढचा प्रश्न होता: मग परदेशात लोक शंभर-दीडशे वर्षांच्या सिंगल-शॉट रायफलींसाठी रोज भरतात, ते कसे?

ते असे. आधी नळी आणि चेंबर मोजतात, मग गोळी ठरवतात, मग पुंगळी, आणि सगळ्यात शेवटी बारूद, तोही सीलबंद डब्यातला, छापील तक्त्यातला, त्याच रायफलीच्या धाटणीसाठी दिलेला. तक्त्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात करतात. टेबलावर एका वेळी एकच बारूद. भरलेल्या सगळ्या पुंगळ्या भोकं पाडलेल्या लाकडी पाटात उभ्या करून गोळी बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावतात, कारण मोठ्या पुंगळीत थोडा बारूद असला की दुहेरी भरणी सहज मावते आणि हातालाही कळत नाही. बोलत बोलत भरत नाहीत. हे शेवटचं आपल्याकडे सगळ्यात अवघड.

अचूकपणाचं मूळही गोळीच्या बसण्यात आहे, जोरात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत जर्मन मुलखातून आलेल्या लोकांचे नेमबाजीचे मेळे भरत. दोनशे यार्डांवर, उभं राहून, सिंगल-शॉट रायफलीनं. .३२-४० हे १८८४ चं काडतूस त्यांचं लाडकं. हॅरी पोप नावाचा नळ्या घडवणारा कारागीर तिथं गाजला. त्याच्या रीतीत शिशाची गोळी नळीच्या तोंडाकडून खाली बसवत आणि बारुदाची पुंगळी मागून. बरेच जण दिवसभर एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरत आणि दर वेळी ती त्याच बाजूनं आत ठेवत. गोळीचं शिसं कथलाच्या ठरलेल्या प्रमाणात, वीसास एक वगैरे. बारुदाची भरणी बेताची. फरकाच्या जागा एकेक करून बुजवत जायच्या, एवढाच खटाटोप. पुतण्या स्वतः श्वास, गालाचा टेका, ट्रिगरचा दाब यांत तेच करतो, त्यामुळे हे त्याला लगेच भिडलं.

पण हे सगळं तिकडच्या कायद्यात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, आणि कलम ५ प्रमाणे विनापरवाना बनवण्याला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा. रायफल बाळगायचं लायसन्स म्हणजे काडतूस भरायचं लायसन्स नव्हे. माझ्या वाचनाप्रमाणे तो चिमटा आणि साचाही नुसतं भंगार म्हणून घरात पडू देण्याजोगा नाही. काकाजींना हे सगळ्यात जास्त लागलं. रायफलीचे कागद त्यांनी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळले, आणि माळ्यावर हे.

पुढचं झटपट झालं. बारुदाचा डबा आणि टोप्या त्यानंतर कुणी हलवल्या नाहीत. तणस काढलं, खोलीत विडी-काडी बंद केली आणि काकाजींनी ठाण्यात लेखी कळवलं. जिल्ह्याचं बॉम्ब शोधक व नाशक पथक येऊन घेऊन गेलं. पुतण्या तोवर डबा 'नुसता विहिरीत टाकू' म्हणत होता, त्याला काकाजींनीच गप्प केलं. जुनी काडतुसं, पुंगळ्या, चिमटा आणि साचा यादी करून, पोच घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केला. बाबूजींच्या ओतलेल्या गोळ्याही त्यातच गेल्या. काटा, गुंजा आणि वही घरातच राहिली.

रायफल लायसन्सवर आहे तशीच आहे. नळीत तेल, पेटीत न ठेवता कुलपाच्या कपाटात, कोठ्यापासून दूर. नवी कारखानी .३१० काडतुसं इथल्या दुकानात मिळत नाहीत. नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळाला तर आयातीचा रीतसर मार्ग उघडतो. पुतण्याला त्यासाठी आधी पात्रतेचे गुण काढावे लागतील, आणि ते तो त्याच्या .२२ वर काढायला लागला आहे. काकाजींनी मला पुन्हा फोन केला तो लायसन्सच्या नूतनीकरणाच्या अर्जात कोणत्या रकान्यात काय भरायचं ते विचारायला.